अण्णांच्या गाडीखाली

‘उलटा फिरवालीस.’

मी गाडीखाली पोत्यावर उताणी पडले होते. पाना बोल्टवर बसत होता, पण बोल्ट हलत नव्हता. जून उजाडला तरी पाऊस नव्हता आणि सकाळी दहालाच शेडचा पत्रा तापला होता. घाम डोळ्यांत जात होता. आवाज आला तशी मान वळवून पाहिलं, तर निळ्या पट्ट्यांच्या रबरी चपलेतले दोन पाय दिसले. माझ्या सासूबाईंचे. आमच्या जयसिंगपूरकडे सासूला आत्ती म्हणतात.

‘आत्ती, तुम्ही आत जा. इथं तेल सांडेल.’

‘असं फिरवलास तर कवाच सांडायचं न्हाई. सोडवायच्या जागी आवळालीस तू त्यो बोल्ट. वरनं बघितल्यागत हात चालतोय तुझा. खालनं सगळं उलटं असतंय.’

मी पाना उलट्या बाजूला लावून जोर दिला. बोल्ट किरकिरला, पण सुटला नाही.

‘भाईर ये,’ आत्ती म्हणाल्या.

ही गोष्ट दोन हजार नऊ सालातली. मला सहा वर्षं वाट पाहून कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवायची कायम नोकरी लागली होती. कॉलेज कवठेमहांकाळच्या अलीकडे एका खेड्यात होतं आणि पहिला तास सकाळी साडेसातला. एसटीनं जायचं तर दोन ठिकाणी गाडी बदलायची आणि तरीही पोचायला नऊ वाजणार. पंधरा जूनला, सोमवारी, रुजू व्हायचं होतं. नाही झाले तर यादीतलं पुढचं नाव घेणार होते.

घरात गाडी होती. माझे सासरे भूपाल मगदूम, म्हणजे अण्णा, यांनी नव्वद साली घेतलेली पांढरी मारुती. अण्णा साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. त्यांची गाडी उभ्या गल्लीत प्रसिद्ध होती, कारण त्यांनी ती कधी गॅरेजला दिली नाही. दर तीन हजार किलोमीटरला ते स्वतः इंजिन ऑइल बदलत. लोक नवी गाडी घेतली की आधी अण्णांना दाखवायला आणत, आणि अण्णा कॉटवर बसून त्यांना तेलाचे प्रकार समजावून सांगत. दोन हजार सातमध्ये अण्णा गेले. तेव्हापासून मी ती बाजारापुरती फिरवत होते, पण तिच्या इंजिनाकडे कुणी पाहिलं नव्हतं. आता ती सिग्नलला थांबली की तेलाचा लाल दिवा लुकलुकायचा आणि आतून खडखड ऐकू यायची.

माझा नवरा अभिनंदन पुण्याला नोकरीला. शनिवारी यायचा. त्याला फोनवर सांगितलं, मी गाडीनं जाईन.

‘एकोणीस वर्षं जुनी गाडी आहे, त्रिशला. रोजचे नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. त्या रस्त्याला मिरज सोडली की मैलोन्‌मैल माणूस दिसत नाही. बंद पडली तर काय करशील?’

‘नीट करून घेऊ.’

‘मी गॅरेजवाल्याशी बोललोय. इंजिन संपलं म्हणतो. अण्णांच्या कारखान्यातले दादगोंडाकाका ती घ्यायला तयार आहेत, रविवारी येतायत. तू आणखी वर्षभर थांब. जवळचं काहीतरी मिळेल.’

तो वाईट बोलत नव्हता. त्याला काळजी होती. पण वर्षभर थांब हे मी सहा वर्षं ऐकत होते.

मी गॅरेजला जाऊन म्हटलं, निदान ऑइल आणि फिल्टर तर बदलून बघा. तो म्हणाला, ‘अभिनंदनदादांना विचारून करू, वहिनी.’ मग मी दुकानातून तीन लिटर तेलाचा डबा आणि नवीन फिल्टर आणला, गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढलं, त्यातलं चित्र दोनदा नीट पाहिलं आणि शुक्रवारी सकाळी गाडीखाली शिरले. आत्तींना काही विचारलं नव्हतं. नोकरीचं पत्र आल्यापासून त्या त्यावर एक शब्द बोलल्या नव्हत्या. मला वाटत होतं, त्यांनाही गाडी विकलेलीच बरी.

मी बाहेर आले. आत्तींनी पदर कमरेला खोचला आणि गाडीकडे न बघता शेडच्या मागच्या कोपऱ्यात गेल्या. तिथं सरपणाच्या ढिगाखाली हात घालून त्यांनी दोन जाड, उतरते तासलेले लाकडी ठोकळे ओढून काढले.

‘पुढची चाकं ह्याच्यावर चढव. जमिनीवर गाडी ठेवून हात पुरत न्हाई. आणि जॅक लावून खाली कवाच जायाचं न्हाई, ध्यानात ठेव. जॅक सरकतोय.’

मी चढवली. त्यांनी हँडब्रेक ओढायला लावला आणि मागच्या चाकांना दोन दगड लावले. ‘आता चार मिनिटं इंजिन चालू दे. गार तेल मधासारखं असतंय, सगळं खाली येत न्हाई. लई तापवू नगस, हात भाजतोय.’

इंजिन बंद केल्यावर त्या पोत्यावर बसल्या, एक हात टेकून आडव्या झाल्या आणि एकसष्टाव्या वर्षी गाडीखाली अशा सरकल्या की मला त्यांना धरायलाही वेळ मिळाला नाही.

‘पाना दे. घमेलं सरकव.’

पाना दिला. एक हिसका, बोल्ट सुटला. मग त्यांनी तो बोटांनी फिरवत आणला आणि शेवटच्या आट्याला हात चटकन बाजूला घेतला. काळं, डांबरासारखं तेल घमेल्यात पडायला लागलं.

‘अरे देवा,’ आत्ती आतून म्हणाल्या. ‘काय अवस्था केलीस गं तिची.’

मी गुडघ्यांवर वाकून बघत होते. ‘तुम्हाला हे अण्णांनी शिकवलं?’

‘बघून बघून येतंय.’

तेल निथळायला वेळ लागतो. तोवर त्या बाहेर येतील असं वाटलं, पण त्या तिथंच पडून राहिल्या. मग म्हणाल्या, ‘पोत्याचा तुकडा दे, फिल्टरला.’ आणि त्यांचा उजवा हात इंजिनाच्या पलीकडे गेला. त्या माझ्याकडे बघत होत्या. हात न बघता गेला होता. नळ्या चुकवत, गरम भागाला न टेकता, थेट फिल्टरवर. अंधारात स्वयंपाकघरातल्या काडेपेटीवर जावा तसा.

‘आत्ती, बघून हात असा जात नाही,’ मी म्हणाले.

त्यांनी फिल्टर सोडवून घमेल्यात उपडा केला. त्याच्या तोंडावरची रबरी रिंग नखानं उचकटून मला दाखवली. ‘ही जुनी रिंग निघाली का ते बघायचं. तिकडंच चिकटून राहिली आणि वर नवीन बसवला, की तेल धो धो जातंय. इंजिन मरतंय.’ मग रिंग पुसत राहिल्या.

‘पहिली दोन वर्षं त्यांनीच केलं. ब्याण्णव साली कारखान्यात पाय घसरून पडले. मणका सरकला. खाली झोपले तर उठाय यायचं न्हाई. मी म्हणाले, गॅरेजला टाका गाडी, त्यात काय. दोन दिवस ताट तसंच सरकवलं त्यांनी. सगळ्या गल्लीला म्हाईत ना, भूपालअण्णा आपल्या हातानं गाडी करतोय.’

‘मग?’

‘मग मी म्हणाले, तुम्ही सांगा, मी करते. शटर अर्धं खाली ओढायचं. ते स्टुलावर बसायचे, मी खाली. तीन-चार येळा सांगावं लागलं त्यांना. पुढं नुसते बसायचे. पण मोठ्यानं बोलायचे, भाईर ऐकू जावं म्हणून. आता बोल्ट सोडला. आता फिल्टर बसवतोय.’

मला तो आवाज आठवला. लग्न होऊन आले तेव्हापासून पाच वर्षं मी तो शेडमधून ऐकला होता. ‘अण्णांचं गाडीचं काम चाललंय, तिकडं जाऊ नको,’ असं मला सांगितलेलं असायचं, आणि आत्ती मागं कपडे धुतायत असं मी धरून चालायचे. नंतर त्या न्हाणीत राख आणि लिंबू घेऊन बराच वेळ हात घासत बसायच्या.

‘पंधरा वर्षं?’ मी विचारलं. ‘कुणालाच सांगितलं नाहीत?’

‘कशाला सांगायचं? त्यांना कमीपणा आला असता. माणूस वाईट नव्हता.’

‘तुम्हाला राग नाही आला कधी?’

‘खाली बरं वाटायचं गं. गार असतंय. कोण हाका मारत न्हाई.’ त्यांनी नवीन फिल्टर मागितला. रिंगवर बोटानं ताजं तेल लावलं आणि तो हातानंच फिरवून बसवला, शेवटचा पाऊण आटा तेवढा जोर लावून. मग बोल्ट पुसून नवीन वॉशरसकट लावला. हे सगळं करताना त्या बोलत होत्या, माझ्याकडे न बघता.

‘एकदा म्हणाले होते मी. गाडीखाली घालता, तर एकदा आत बसवून चालवाय पण शिकवा. हसले. म्हणाले, तुला कुठं जायाचंय? मग मी परत विषय काढला न्हाई. पुढं तू आलीस. बीएड करणारी सून म्हणून लई कौतुक. पंधरा दिवसांत शिकवली तुला. मी दारातनं बघत व्हते.’

मला ते दिवसही आठवले. अण्णा किती शांतपणे शिकवायचे. मी तीनदा गाडी गेटला घासली तरी आवाज चढवला नव्हता त्यांनी. आत्ती पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या असायच्या. मला वाटायचं, मला तहान लागेल म्हणून.

आत्ती गाडीखालून बाहेर सरकल्या, उठून बसल्या आणि केस मनगटानं मागं सारले. कपाळाला काळा पट्टा लागला.

‘तुला जायाचं ठिकाण मिळालंय,’ त्या म्हणाल्या. ‘नरसाळं दे.’

आम्ही तेल ओतलं. बोनेटखाली वाकून त्यांनी मापाची दांडी काढली, पुसली, परत घातली, परत काढली. मध धरावा तसं तिच्या टोकाला सोनेरी तेल होतं. ‘आता लाव.’

मी आत बसून किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, पण समोरचा लाल दिवा तसाच. एक, दोन, तीन. आतून धातूवर धातू घासल्यासारखा आवाज. माझा हात किल्लीवर गेला.

‘बंद करू नगस,’ आत्ती बोनेटवर तळवा ठेवून म्हणाल्या. ‘फिल्टर भरतोय. थांब.’

दिवा विझला. आवाज हळूहळू खाली बसला, मऊ झाला. दोन वर्षांत मी त्या गाडीचा असा आवाज ऐकला नव्हता. आत्ती वाकून खाली थेंब पडतोय का ते बघत होत्या. पडत नव्हता. मी दार उघडून बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, पण त्यांनी लगेच मला घमेलं उचलायला लावलं.

शनिवारी अभिनंदन दुपारच्या गाडीनं आला. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणं होतात, म्हणून तो आला की आत्ती लगेच तवा टाकायच्या. जेवता जेवता मी सांगितलं, गाडीचं ऑइल बदललंय, दिवा लागत नाही, आवाज गेला.

‘कुणी बदललं?’

मी आत्तींकडे पाहिलं. त्या पाठमोऱ्या होत्या, भाकरी तव्यावर टाकत होत्या. हात क्षणभर थांबला आणि परत चालू झाला. त्यांना नको असेल, असं मला वाटलं.

‘मी,’ मी म्हणाले.

अभिनंदनला खरंच कौतुक वाटलं. जेवण झाल्यावर त्यानं गाडी चालू करून बघितली, गल्लीत एक फेरी मारून आला. पण म्हणाला, ‘छान केलंस. पण काकांना शब्द दिलाय. आणि नुसत्या ऑइलनं जुनी गाडी नवी होत नाही.’ त्या रात्री मला वाटलं, संपलं.

रविवारी नऊला दादगोंडाकाका आले. दादगोंडा चौगुले, उदगावचे, कारखान्यात अण्णांच्या शेजारच्या टेबलावर तीस वर्षं. त्यांनी टोपी काढून टपावर ठेवली, दांडी काढून तेल बघितलं, इंजिन चालू करायला लावून कान दिला. मग मान हलवली.

‘ह्याला म्हणतात हात,’ ते अभिनंदनला म्हणाले. ‘एकोणीस वर्षं झाली, पण अण्णांचा हात लागलेली गाडी आहे. म्हणून तर घेतोय. दुसऱ्या कुणाची असती तर बघितली पण नसती.’

‘परवा ऑइल त्रिशलानं बदललंय, काका,’ अभिनंदन म्हणाला.

‘व्हय? मग सासऱ्याचा गुण आला म्हणायचा.’

आत्ती चहाचा ट्रे घेऊन पायरीवर आल्या होत्या. त्यांनी ट्रे कट्ट्यावर ठेवला.

‘तिनं न्हाई,’ त्या म्हणाल्या. ‘मी बदललंय.’

अभिनंदन हसला. आईनं चेष्टा केली असं त्याला वाटलं. दादगोंडाकाकाही हसले. आत्ती हसल्या नाहीत.

‘परवाचं पण मी, आणि ब्याण्णव सालापासनं सगळी मी. त्यांची पाठ गेली तेव्हापासनं. इंजिनाला लागलेला हात त्यांचा न्हाई, दादगोंडा. माझा हाय.’

इंजिन चालूच होतं. दादगोंडाकाकांनी टोपी उचलली आणि हातात फिरवत राहिले. अभिनंदन आईकडे असा बघत होता, जणू तिनं दुसऱ्या कुठल्यातरी भाषेत काही सांगितलं.

‘मग अण्णा काय करायचे, वहिनी?’ शेवटी काकांनी विचारलं.

‘बसायचे. सांगायचे. त्यांनी सांगितलं नसतं तर मला आलं नसतं, ते खरं हाय. पण खाली मी असायचे.’

अभिनंदन पायरीवर बसला. ‘आई, मी याच घरात होतो.’

‘तू शाळंत असायचास. नंतर कॉलेजला. आम्ही येळ बघून करायचो.’

‘मला तरी सांगायचंस.’

‘त्यांना आवडलं नसतं. आता ते न्हाईत, आणि हिला उद्या सकाळी जायाचंय.’ त्या काकांकडे वळल्या. त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. ‘गाडी विकायची न्हाई, दादगोंडा. तुम्हाला हेलपाटा पडला. च्या घ्या.’

काकांनी चहा घेतला. दोन घोट झाल्यावर म्हणाले, ‘आमच्या गाडीचं पण तेल बघायचं होतं. कवा आणू?’ ते चेष्टेनं म्हणाले की मनापासून, ते मला कळलं नाही. पण आत्ती म्हणाल्या, ‘पुढल्या रविवारी आणा,’ आणि काका पुढल्या रविवारी खरंच गाडी घेऊन आले.

सोमवारी पहाटे पावणेसहाला मी निघाले तेव्हा अभिनंदन शेजारच्या सीटवर येऊन बसला. त्यानं एक दिवसाची रजा टाकली होती. मिरज मागं पडल्यावर त्यानं खिडकीची काच खाली केली, बाहेरच्या मोकळ्या माळाकडे बघत राहिला, आणि म्हणाला, ‘लहानपणी मी सगळ्यांना सांगायचो, माझे वडील मेकॅनिकपेक्षा भारी आहेत.’ थोड्या वेळानं स्वतःशीच हसला. कॉलेजच्या गेटवर मला सोडून तो एसटीनं परत गेला. मी सात वाजून दहा मिनिटांनी हजेरीवर पहिली सही केली.

त्या गाडीनं मला आणखी सहा वर्षं ने-आण केली. वाटेत ती दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा पंक्चरनं. दर दीड महिन्याला आत्ती आणि मी तिचं तेल बदलायचो, शटर पूर्ण वर करून. पहिल्या वेळी गल्लीतली चारपाच माणसं उभी राहून बघत होती. दुसऱ्या वेळी दोन. नंतर कुणी थांबेना.

मी रुजू झाले त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी मी पेपर तपासत होते. आत्ती समोर येऊन उभ्या राहिल्या. नवी नऊवारी नव्हती, रोजचीच साडी होती, पण पायांत चप्पल घट्ट बसावी म्हणून तिला मागून नाडा बांधला होता.

‘क्लच म्हंजे डावा पाय न्हवं?’

मी पेपर बाजूला ठेवले. शाळेच्या मागच्या मोकळ्या मैदानात गेलो. मी उतरून पलीकडे बसले आणि त्या स्टेअरिंगमागं बसल्या. सीट पुढं ओढली. दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत बराच वेळ नुसत्याच बसल्या. मी घाई केली नाही.

पहिल्यांदा गाडी हिसका देऊन दोन हात पुढं गेली आणि बंद पडली. दुसऱ्यांदा तसंच. मी काही सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला गप्प केलं.

तिसऱ्या वेळी गाडी चालली. मैदानाला एक पूर्ण वळसा घालून आम्ही परत फाटकापाशी आलो. मला वाटलं, आता थांबतील. आत्ती थांबल्या नाहीत.